घोंगडं खरोखरच भिजत पडलंय

ऊस तुटून गेलेल्या रानात बकऱ्यांचा तळ पडला होता. कागलच्या अलीकडे, हायवेपासून दोन शेतं आत. (बाहेरगावच्यांसाठी सांगते, आमच्याकडे बकरी म्हणजे मेंढरं. शेळीला आम्ही शेळीच म्हणतो.) कातरणी चालू होती. पाय बांधून आडवी केलेली मेंढी, तिच्या अंगाला गुडघा लावून बसलेला माणूस, हातात लोखंडी कातर. कातर पोटाकडून पाठीकडे सरकत होती आणि मागे काळी लोकर सलग, गोधडीची घडी उलगडावी तशी पडत होती. पाय सोडल्यावर मेंढी उठली ती निम्मी होऊन. दोन पावलं चालली, थांबली, अंग झाडलं आणि कळपात शिरली.

पलीकडे बांधाला लोकरीचा ढीग लागला होता. मला वाटलं, गाडी यायची असेल.

“ही कुठं जाते मामा?”

“कुठं जातीया? हितंच.”

“विकत नाही?”

“घेतंय कोण ताई? कातरणाऱ्याचं पैसं बी लोकरीतनं निघत न्हाईत. कातरायला तर लागतंय, न्हाईतर जनावर उन्हात हैराण हुतंय. मग टाकायची बांधाला. पावसाळ्यात कुजती.”

भिजत घोंगडं हा वाक्प्रचार कोल्हापूरकर जितका वापरतात तितका क्वचितच कोणी वापरत असेल. हद्दवाढीचं भिजत घोंगडं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं भिजत घोंगडं तर अनेक दशकं पेपरातून पडलेलं होतं, ते १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा एकदाचं वाळत पडलं. पण ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार आला, ती वस्तू ज्यापासून होते तो माल खरोखरच बांधावर भिजत पडतो, हे त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी पाच-सहा मुठी लोकर मागून घेतली. मामांनी पिशवी भरून दिली आणि पैसे विचारल्यावर हसले.

त्याच आठवड्यात मंगळवारी आमचा विणकामाचा गट भरला. राजारामपुरीत एकीच्या घरी आम्ही आठ-नऊ जणी जमतो. पूर्वी आम्ही सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या होतो. बाळंतविड्यातली टोपडी, पायमोजे, नातवाचा बिनबाह्यांचा स्वेटर एवढाच आमचा आवाका. गेल्या तीन-चार वर्षांत विशी-पंचविशीच्या मुली यायला लागल्या आहेत. त्या मोबाइलवर बघून क्रोशाच्या पिशव्या विणतात, सूर्यफुलं विणतात, एकीनं तर घराच्या पडद्याचं वरचं तोरण विणलं. त्यांना उलट-सुलट टाक्यांचे आमचे शब्द माहीत नसतात आणि आम्हाला त्यांचे इंग्रजी शब्द माहीत नसतात, पण हात बघून दोघींचं चालतं. सुया पुन्हा घरात आल्या याचा मला मनापासून आनंद आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला विणकामाचं हे नवं वेड खुपतंय.

त्या दिवशी मी काडेपेटी काढली. प्रत्येकीला आपापल्या गुंड्याचा बोटभर धागा तोडून द्यायला सांगितला. चिमट्यात धरून एकेक धागा ज्योतीजवळ नेला. पहिला वितळला, गोळा झाला, काळा टणक मणी झाला. दुसरा तसाच. तिसरा, चौथा, सगळे तसेच. खोलीत प्लॅस्टिक जळाल्याचा वास. एकीनं ऑनलाइन मागवलेला मेरिनोचा, म्हणजे मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीचा गुंडा आणि मी आणलेली बांधावरची लोकर, ही दोनच वेगळी जळाली. खरं तर जळायला तयारच नव्हती; ज्योत बाजूला केली की विझायची. वास आला केस जळाल्याचा, आणि राख बोटानं चुरडली तर भुगा झाला. लोकर केसासारखीच, केराटिन नावाच्या प्रथिनाची असते, त्यामुळे वासही तोच.

“म्हणजे आपण इतकी वर्षं लोकर म्हणून प्लॅस्टिक विणत होतो?” एक काकू म्हणाल्या. त्यांनी चाळीस वर्षांत किती स्वेटर विणले असतील, देव जाणे.

हो. ‘लोकर’ म्हणून दुकानातून आपण जो रंगीत गुंडा आणतो तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतो. हा धागा पेट्रोलियमपासून निघतो. ड्यूपाँट कंपनीनं तो १९४० च्या दशकात काढला आणि ‘ऑर्लॉन’ नावानं बाजारात आणला. लोकरीची नक्कल म्हणूनच तो खपला. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो उगाच घरोघर गेला नाही. स्वस्त, मऊ, मशीनमध्ये धुता येणारा, कसर न लागणारा. बाळाच्या स्वेटरवर दिवसातून दोनदा दूध सांडत असताना आईनं हातानं धुवायची लोकर का घ्यावी? माझी तक्रार नावाशी आहे. नकलेनं मूळ वस्तूचं नावच घेतलं आणि मूळ वस्तूला नाव उरलं नाही. आता लोकर म्हणजे गुंडा. मेंढीच्या अंगावरची ती नुसती घाण. आणि धुलाईचंही आहे: प्लिमथ विद्यापीठानं २०१६ मध्ये मोजून पाहिलं, तर सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. ते पाणी आपल्याकडे कुठल्या नदीत जातं हे कोल्हापुरात सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. लोकर, विणकाम, हातमाग यांचं कौतुक सध्या सगळीकडे जोरात आहे. डिझाइनच्या प्रदर्शनांत भिंतभर विणलेले पडदे लटकतात, हॉटेलांच्या लॉबीत लोकरीच्या जाजमांचे फोटो निघतात, हस्तकलेवर परिसंवाद होतात. कोल्हापुरातही एखादं प्रदर्शन भरतं, दाराशी घोंगडी टाकलेली असते आणि तिच्यावर पाय देऊन आपण आत जातो. हे कौतुक मला खोटं वाटत नाही, पण ते चुकीच्या टोकापासून सुरू होतं. तयार वस्तूपासून. लोकरीचा खरा प्रश्न आहे तो कातरणी झाल्यापासून सूत होईपर्यंतच्या मधल्या टप्प्याचा, आणि तो टप्पा फोटोत येत नाही. पैसा आणि बुद्धी तिथं लावली नाही तर बाकी सगळी सजावट होईल.

ज्यांचं आपण अनुकरण करतो त्यांनी काय केलं ते बघा. लोकर फॅशनेबल झाली ती आपोआप नाही. १९३७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या मेंढपाळांनी गाठोड्यामागे ठरावीक वर्गणी काढून आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालय उभं केलं, कारण कृत्रिम धागे दाराशी आले होते. याच संस्थेच्या १९५४ च्या पॅरिसमधल्या स्पर्धेत कार्ल लागरफेल्ड आणि इव्ह सें लोराँ ही पुढे नामांकित फॅशन डिझायनर झालेली दोन पोरं बक्षीस मिळवून गेली. एकाला कोटासाठी, दुसऱ्याला ड्रेससाठी. गुंड्यासारखं दिसणारं, शुद्ध लोकरीची खूण असलेलं वूलमार्कचं चिन्ह १९६४ मध्ये याच संस्थेनं आणलं. म्हणजे जगातला तो सगळा झगमगाट मेंढीवाल्याच्या खिशातून आणि मेंढीवाल्याच्या भावासाठी झाला होता. पुढे ब्रिटनमध्ये लोकरीचा दर इतका पडला की कातरणीचा खर्च निघेना, शेतकरी लोकर जाळायला, पुरायला लागले. कागलच्या मामांचंच वाक्य, फक्त इंग्रजीत. तेव्हा प्रिन्स चार्ल्स यांच्या पुढाकारानं २०१० मध्ये लोकरीची मोहीम सुरू झाली आणि लंडनमधल्या उंची शिंप्यांच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर गवत अंथरून मेंढ्या आणून सोडल्या. तमाशा होता, पण तमाशाच्या मध्यभागी मेंढी होती. आपल्याकडच्या प्रदर्शनात ती कुठंच नसते.

याहून मला जवळचं वाटतं ते हॅरिस ट्वीडचं उदाहरण. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचं ते जाडंभरडं कापड. तिथल्या कोळ्या-शेतकऱ्यांनी पावसावाऱ्यात घालायचं, आपल्या घोंगडीचं चुलतभावंडच म्हणा ना. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. शुद्ध लोकर हवी, ती बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि विणकरानं ती आपल्या घरी, बेटावरच हातानं विणलेली हवी. नाहीतर ते नाव लावता येत नाही. कायद्यात ‘कातलेली’ हा शब्द आहे, तो महत्त्वाचा. त्यांनी नुसता माग वाचवला नाही, मागाच्या आधीची साखळीही बेटावरच बांधून ठेवली.

इथं कुणीतरी म्हणणारच, आणि आमच्या गटात म्हणालंही: “पण ही बोचते हो.”

बोचते. दख्खनी मेंढीची लोकर बोचतेच. मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास जाड असतो, दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या घरात, वर त्यात केसाळ तंतूही मिसळलेले. मेरिनो वर्षाला चार-पाच किलो लोकर देते. आपली मेंढी अर्धा किलो दिली तरी पुष्कळ. पण आपली मेंढी लोकरीसाठी घडलेलीच नाही. ती चार महिने पाऊस, चार महिने कोरडा माळ आणि वर्षभर पायपीट यांच्यासाठी घडली आहे. दख्खनी जातीचे जे पोटप्रकार मानले जातात, लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी, त्यात आपल्या गावाचंही नाव आहे. चपलेला, गुळाला, मिसळीला, रश्श्याला कोल्हापुरी म्हणताना आपली छाती फुगते. कोल्हापुरी मेंढी म्हटलं तर बहुतेकांना मटणाचंच दुकान आठवेल.

या लोकरीला मऊ व्हायला सांगणं म्हणजे मिरचीला गोड व्हायला सांगण्यासारखं आहे. तिची शाल करून पुण्या-मुंबईच्या दुकानात पश्मिन्याशेजारी ठेवली तर ती हरणारच. वर्षानुवर्षं कल्याणकारी योजनांतून हेच झालं: ‘सुधारित’ घोंगडी, ‘सॉफ्ट’ घोंगडी, आणि मऊपणासाठी हळूच मिसळलेला कृत्रिम धागा. शेवटी ना घोंगडी ना शाल.

ही लोकर अंगाला लावायची नसेल तर मग कशाला लावायची? माझ्या मते विचार इथूनच सुरू व्हावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी हवेतली वाफ शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओलावा शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. भाताची रोपलावण करणाऱ्या माणसाला गगनबावड्याच्या पावसात घोंगड्याची खोळ ऊब देते ती त्यामुळे. प्लॅस्टिकचा कागद पाणी अडवतो, ऊब देत नाही. लोकर आवाज शोषते. ती सहजी पेट घेत नाही, ज्योत काढली की विझते, वितळून कातडीला चिकटत नाही. विमानांच्या आसनांना आणि जाजमांना लोकरीचं कापड वापरतात ते काही हौस म्हणून नाही. आणि मातीत टाकली तर कुजून नत्र देते.

यातल्या एकाही गुणाला मऊपणा लागत नाही. उलट जाड तंतू पायाखाली टिकतो. जाजम, बैठक, उशांचे अभ्रे, पिशव्या, दिव्यांच्या शेड, भिंतीचे पडदे, कुंड्यांची अस्तरं. न विणता करायचं जेनही आहे. पिंजलेली लोकर थरांनी पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळायची, तुडवायची, लाटायची. तंतूंवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि जाड, घट्ट अंथरूण तयार होतं. माग नाही, सुई नाही. क्लॉडी यॉन्ग्स्ट्रा ही डच कलाकार नेमकं हेच करते: तिकडच्या माळरानावरच्या जुन्या, भरड लोकरीच्या मेंढ्या स्वतः पाळते, वनस्पतींचे रंग करते आणि नमद्याच्या, म्हणजे अशा जेनच्याच, भल्यामोठ्या भिंती उभ्या करते. तिथं भरडपणा हा दोष नाही, तीच तिची ओळख आहे.

आपल्याकडे हे कुठं लावता येईल, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात घर करून बसलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. त्या रात्री अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं, मीही होते. नाट्यगृहाला काय लागतं? आवाज शोषणाऱ्या भिंती आणि सहजी पेट न घेणारं कापड. पुनर्बांधणीत एका तरी भिंतीला इथल्या लोकरीचं जेन का असू नये? चाचण्या कराव्या लागतील, प्रक्रिया करावी लागेल, नियमात बसवावं लागेल, मान्य. पण वस्त्रतंत्र शिकवणारं डीकेटीई इचलकरंजीत आहे, मेंढ्या पट्टणकोडोलीच्या माळावर आहेत आणि दोन्हींमध्ये एसटीचा थोडाच प्रवास आहे. विचारायला काय हरकत आहे?

पट्टणकोडोलीवरून आठवलं. तिथल्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची, खारीक-खोबऱ्याची उधळण होते तशी लोकरीचीही होते. पिवळ्याधमक हवेत लोकरीचे पुंजके उडतात, लोक ते झेलतात, घरी नेतात. तिकडे आदमापूरच्या बाळूमामांची बकरी गावोगाव फिरतात आणि उभ्या पिकात शिरली तरी शेतकरी हात जोडतो. म्हणजे मेंढीबद्दलची श्रद्धा या जिल्ह्यात ठासून भरलेली आहे. देवाच्या नावानं उधळलेला पुंजका देव्हाऱ्यात, आणि कातरलेली बाकीची गाठोडी बांधावर.

मध्ये नेमकं काय तुटलंय ते एका जुन्या मागावर बसून मला कळलं. माणूस सत्तरीच्या पुढचा, हातकणंगले तालुक्यातला. घरातच जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, वर माग. भिंतीला चिंचोक्यांची पिशवी टांगलेली. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करायची आणि ताण्याला कुंच्यानं सारखी लावायची; मग सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. खळीचा आंबूस वास त्या खोलीच्या भिंतीत मुरला होता. आबा धोटा टाकत होते, थांबत होते, सुताची गाठ बघत होते. मी विचारलं, “विणायला किती दिवस?” ते म्हणाले, “विणायचं सोडा. विणतोय की मी. सूत कुठाय?”

लोकर आधी निवडावी लागते. काळी वेगळी, करडी वेगळी, कोकराच्या पहिल्या कातरणीची जावळाची लोकर वेगळी, कारण ती सगळ्यात मऊ. त्यातली कुसळं, काटे, माती काढायची. मग पिंजायची. मग बायांनी चरख्यावर सूत काढायचं. पूर्वी धनगराच्या घरात म्हाताऱ्या हे करायच्या, सणगर ते सूत घ्यायचे आणि विणायचे. कोल्हापुरात सणगर गल्ली अजून आहे; तालमीमुळे ती सगळ्यांना माहीत आहे, मागामुळे नाही. सूत काढणाऱ्या हाताला दिवसाला जे सुटतं त्यापेक्षा भांगलणीला गेलं तर जास्त मिळतं. त्यामुळे सून चरखा घेत नाही, आणि तिनं तो घ्यावा असं मीही म्हणणार नाही. सध्याच्या पैशात तर नाहीच.

आता हा जिल्हा बघा. इथं कापूस पिकत नाही म्हटलं तरी चालेल, तरी इथं सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचं पाठबळ मिळालं आणि त्यावर अख्खं शहर उभं राहिलं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये गिरणी काढली, तीही कापसाचीच. बाहेरून गाठी आणून आपण वस्त्रनगरी केली आणि दारात पिकणाऱ्या तंतूसाठी पिंजण्याचं एक यंत्र तालुक्याला बसवलं नाही. धुण्याचा एक हौद नाही, वजनकाटा नाही, दरफलक नाही.

आणि हे कोल्हापूरला जमत नाही असं कोण म्हणेल? गोकुळ दूध संघ १९६३ चा. दोन म्हशी असलेली बाई पहाटे किटली घेऊन संस्थेत जाते, दूध मापलं जातं, फॅट लागते, तिला तिच्या दुधाचा दर कळतो. कोल्हापूरच्या खेड्यातल्या शाळकरी पोरालाही फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) कळतं. लोकरीलाही असंच करता येतं: रंग, लांबी, स्वच्छता, जावळाची की थोराड, अशी प्रत ठरवा, कातरणीच्या हंगामात तळावरच काटा न्या, जागेवर पैसे द्या. दूध काही तासांत नासतं, तरी आपण ते गोळा करतो. लोकर कोरडी ठेवली तर वर्षभर थांबते. तिच्यासाठी शीतगृह लागत नाही, टँकर लागत नाही. एक पत्र्याची शेड, पिंजण्याचं यंत्र, विजेवर चालणारे चार-सहा चरखे. राज्याचं मेंढी-शेळी महामंडळ आहे, योजना आहेत, राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून मेंढी व लोकर संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. पण या सगळ्यांचा भर मेंढी वाटपावर, नाहीतर प्रशिक्षणावर. प्रशिक्षण घेऊन विणायला बसलेल्या बाईला सूत कोण देणार हा आबांचा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण कसे पेटून उठलो होतो. बरोबरच होतं, चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि शोमध्ये कोल्हापूरचं नावही नाही. पुढे कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. त्या दिवसांत मला एक वेडा विचार यायचा की कुणीतरी मोठ्या फॅशनवाल्यानं घोंगडीही चोरावी. काळा, काठाचा, दोन पट्टे मधोमध शिवलेला तो आयत कुणी पॅरिसच्या मॉडेलच्या खांद्यावर टाकावा, मग आपल्याला ती आपली म्हणून आठवेल. चपलेला गिऱ्हाईक होतं म्हणून चोर होता. घोंगडीला गिऱ्हाईकही नाही. आणि नुसतं मानांकन मिळून सूत निघत नाही, हे मानांकनाच्या मागे लागलेल्यांना सांगायला हवं.

एक आक्षेप मात्र मला नीट घ्यावासा वाटतो, कारण तो माझ्या तोंडावर फेकला गेला आहे. एका धनगर समाजातल्या तरुण वकिलानं मला विचारलं, “ताई, तुम्हाला जाजम पाहिजे म्हणून आम्ही काठी-घोंगडं धरूनच उभं राहायचं का?” मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्याचं बरोबर आहे. कलेचं कौतुक करणाऱ्यांना गरिबी फार सुंदर दिसते. चराऊ कुरणं गेली, माळांवर प्लॉट पडले, रस्ते वाढले, पोरं शिकली. ज्याला मेंढरं सोडायची त्यानं खुशाल सोडावीत. पण जो अजून तळ टाकतो आहे, त्याला मटणाबरोबर लोकरीचे चार पैसे मिळाले तर त्यात त्याला कोण बांधून ठेवतंय? आज उलट घडतंय. लोकरीला किंमत नाही म्हणून काळ्या दख्खनी मेंढीची जागा जतकडची माडग्याळ घेते आहे: उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं नाक, अंगावर मांस भरपूर आणि लोकर नावापुरती. धनगराचा हिशोब चोख आहे, त्यात चूक नाही. फक्त आणखी वीस-पंचवीस वर्षांनी आपल्याला घोंगडीचं डिझाइन सुचेल तेव्हा काळी लोकर अंगावर बाळगणारी मेंढी माळावर असेल का, हा प्रश्न राहतो. वकिलाला मी हे नंतर फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मग दर मिळवून द्या, भाषण नको.”

म्हणून आमच्या गटानं ठरवलं की निदान आपल्यापुरतं सुरू करू. स्वेटर नको, टोपडं तर नकोच. आठ जणींनी एकेक जाड पिशवी विणायची, जाड सुयांवर, साधे सुलट टाके, आणि नंतर गरम पाण्यात चोळून ती आटवायची म्हणजे घट्ट होईल. त्या पोरींपैकी एक वस्त्रकलेची विद्यार्थिनी आहे. तिनं नमुना विणून दाखवला. काळ्यात करडी पट्टी. हातात घेतल्यावर आधी बोटांना खरखर लागली, मग थोड्या वेळानं तीच बरी वाटायला लागली. अ‍ॅक्रिलिकवर टाका घसरतो. हा धागा टाका धरून ठेवतो, सुईवरून घर सुटलं तरी उसवत नाही. चाळीस वर्षं विणणाऱ्या काकू म्हणाल्या, “हा धागा ऐकतो गं.”

सूत काढणारी मावशी आबांच्या ओळखीनं मिळाली. साठीच्या पुढची, डोळ्याला चष्मा, चरखा माळ्यावरून काढलेला. बांधावरची लोकर आम्हीच नेऊन दिली. ती निवडून, पिंजून, कातून द्यायची, आठ किलो सूत. आम्ही चौघी तिच्या अंगणात बसलो होतो. तिनं चहा दिला, लोकर दोन बोटांत धरून ओढून बघितली, एक पुंजका बाजूला टाकला, दुसरा ठेवला, आणि बराच वेळ विचार करून किलोचा दर सांगितला. आमच्यातल्या एकीनं ऑनलाइन मागवलेल्या मेरिनोच्या निम्माही नव्हता तो. सगळ्या गप्प बसल्या. मग आमच्यातलीच एक, मंडईत बोलावं तशी, सवयीनं म्हणाली, “मावशी, जरा कमी करा की.”